ईव्हा गॅबोर: बुडापेस्टची नटी आणि तिचा विगचा धंदा

तुम्ही विचारलंय, ‘युरोपात जन्मलेली, हॉलिवूडमध्ये काम केलेली आणि पुढे स्वतःचा उद्योग नावारूपाला आणलेली एखादी अभिनेत्री सांगा. नुसती जाहिरातीत चेहरा देणारी नको.’

इथे बहुतेक जण हेडी लमारचं नाव सांगतील. व्हिएन्नात जन्मलेल्या या नटीला 1942 मध्ये संगीतकार जॉर्ज अँथाइलबरोबर रेडिओची वारंवारता सतत बदलत ठेवण्याच्या युक्तीचं पेटंट मिळालं. पण त्या पेटंटातून तिच्या हाती पैसा काही लागला नाही. डोकं अफाट, पण ते संशोधकाचं. तुम्हाला उद्योग हवाय, म्हणून मी ईव्हा गॅबोरचं नाव घेते.

माझा यात थोडा पक्षपात आहे, तो आधीच सांगून टाकते. आमचा दादरला विगचा व्यवसाय आहे. वडील नाटकवाल्यांना टोप पुरवायचे. माझ्याकडे आता नाटकवाले कमी आणि केमोथेरपी चालू असलेल्या बायका जास्त येतात. या धंद्यात परदेशी कॅटलॉग चाळू लागलं की ‘गॅबोर’ हे नाव समोर येतंच. ही बाई सिनेमात होती हे मात्र विकणाऱ्यांतल्याही पुष्कळांना माहीत नसतं.

ईव्हाचा जन्म 11 फेब्रुवारी 1919चा, बुडापेस्टमधला. माग्दा, झा झा आणि ईव्हा या तीन बहिणींतली ती धाकटी. वडील विल्मोश, आई जोली. वडिलांबद्दल फार सांगण्यासारखं नाही, पण जोलीबाई कळल्याशिवाय ईव्हाचा धंदा कळणार नाही. घराणं मूळचं ज्यू. जोलीच्या माहेरी दागिन्यांचा व्यापार होता आणि तिनं स्वतःही बुडापेस्टमध्ये दुकानदारी केली होती. मुलींना तिनं नाचणं, गाणं, घोडेस्वारी सगळं शिकवलं ते एकाच हिशोबानं, की त्या मोठ्या जगात उठून दिसल्या पाहिजेत. 1944 मध्ये जर्मन फौजा हंगेरीत शिरल्या तेव्हा ईव्हा आणि झा झा अमेरिकेत होत्या, बाकीचं कुटुंब मागे अडकलेलं. कार्लुश सांपायु गारिदु या पोर्तुगीज राजदूताच्या मदतीनं जोली आणि माग्दा तिथून निसटल्या. जोलीची आई मात्र युद्धात मारली गेली.

न्यूयॉर्कला पोचल्यावर जोलीबाईंनी काय करावं? मुलींकडून पैसे उसने घेतले आणि दागिन्यांचं दुकान टाकलं. खऱ्या दागिन्यांचं नव्हे, नकली दागिन्यांचं. पुढे ते दुकान मॅडिसन अव्हेन्यूवर, म्हणजे भारी वस्तीत गेलं. प्रसिद्ध गायिका मारिया कॅलासची आईसुद्धा काही काळ तिथे कामाला होती. खोटे मोती ती खोटे म्हणूनच विकायची, पण गिऱ्हाइकाला वागणूक द्यायची ती राणीसारखी. आपल्याकडे एक ग्रॅम सोन्याच्या दुकानात बायका जशा ताठ मानेनं शिरतात, तसंच काहीसं. वस्तू नकली असली तरी ती घालणारीला लाज वाटता कामा नये, हे जोलीला नेमकं कळलं होतं. माझ्या मते ईव्हानं पुढे जे केलं त्याचं मूळ या दुकानात आहे, हॉलिवूडमध्ये नाही.

ईव्हा अमेरिकेत आली ती सगळ्यांच्या आधी, 1939च्या सुमारास, एरिक ड्रिमर या स्वीडिश नवऱ्याबरोबर. तो ऑस्टिओपॅथ, म्हणजे हाडं-स्नायू चोळून उपचार करणारा. पॅरामाउंट स्टुडिओनं तिला घेतलं आणि 1941 मध्ये ‘फोर्स्ड लँडिंग’ या चित्रपटात ती पहिल्यांदा दिसली. पुढची आठ-नऊ वर्षं रखडलेलीच म्हणायची. अडचण एकच, तिचे हंगेरियन उच्चार. ‘डार्लिंग’ हा शब्द तिच्या तोंडून निघाला की समोरच्याला कळायचं, ही बाई कुठल्या तरी लयाला गेलेल्या सरदार घराण्यातली असणार. मग भूमिकाही तशाच मिळायच्या.

1950 मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, ‘द हॅपी टाइम’ हे नाटक आलं. निर्माते रॉजर्स आणि हॅमरस्टाइन, म्हणजे त्या काळची सगळ्यांत वजनदार जोडी. त्या नाटकानं तिचं नाव झालं. मग दूरचित्रवाणी, मग मोठ्या चित्रपटांत छोटी कामं. 1954चा ‘द लास्ट टाइम आय सॉ पॅरिस’ आणि 1958चा ‘जिजी’ हे त्यातले लक्षात राहणारे. ‘जिजी’ला नऊ ऑस्कर मिळाली, पण त्यात ईव्हाचं काम बेताचंच आहे. ‘तोवारिच’ हे संगीत नाटक ‘गॉन विथ द विंड’ची नायिका व्हिव्हियन ली करत होती. तिनं ते सोडल्यावर ती भूमिका ईव्हाकडे आली. तिला कच्ची नटी ठरवणाऱ्यांनी ही एवढी गोष्ट विचारात घ्यावी.

सप्टेंबर 1965 मध्ये सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर ‘ग्रीन एकर्स’ ही मालिका सुरू झाली आणि सहा वर्षांत तिचे 170 भाग झाले. गोष्ट साधी आहे. न्यूयॉर्कचा एक वकील शेती करायचं खूळ डोक्यात घेऊन हूटरव्हिल नावाच्या खेड्यात जातो आणि हिऱ्या-मोत्यांत वावरणाऱ्या बायकोलाही फरफटत नेतो. ही बायको, लिसा, म्हणजे ईव्हा. पडकं घर, चूल पेटत नाही, आणि ही पिसांची झालर लावलेला झुळझुळीत गाऊन घालून स्वयंपाकघरात उभी. तिची धिरडी इतकी वातड की खाण्याऐवजी भलत्याच कामाला यावीत. शेजाऱ्यांचं एक डुक्कर आहे, अर्नोल्ड. त्याला सगळा गाव मुलासारखं वागवतो आणि तो टीव्ही बघतो.

वरवर पाहिलं तर हसू लिसाचं व्हायला हवं. होतं उलटं. नवरा तर्कशुद्ध भाषणं ठोकत राहतो आणि गावात तोच एकटा वेडा ठरतो. लिसा मात्र गावकऱ्यांचं म्हणणं पहिल्या झटक्यात समजून घेते, डुकराशीही तिची गट्टी जमते. ईव्हानं हे काम एकदाही डोळा न मिचकावता केलंय. ‘मी वेड्याचं सोंग घेतेय बरं का’ असं प्रेक्षकाला सुचवायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. तिला आवरला, आणि म्हणून ती मालिका आज पाहतानाही शिळी वाटत नाही.

1971 मध्ये सीबीएसनं गावाकडच्या मालिका एका फटक्यात बंद केल्या. प्रेक्षक भरपूर होते, पण जाहिरातदारांना शहरी आणि तरुण प्रेक्षक हवा होता. ईव्हा तेव्हा बावन्न वर्षांची. हॉलिवूडमध्ये या वयाच्या बाईला काय काम मिळतं ते सांगायला नको.

आता विग. तिच्या धंद्याचं श्रेय नुसत्या ग्लॅमरला देणारे लोक एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे वेळ. पन्नासच्या दशकापर्यंत चांगला विग म्हणजे माणसाच्या केसांचा, हातानं एकेक केस गाठून केलेला आणि किमतीला श्रीमंतांनाच परवडणारा. धुतला की केशरचना गेली, पुन्हा सलूनमध्ये नेऊन बसवून घ्या. 1957 मध्ये जपानच्या कानेका कंपनीनं मोडॅक्रिलिक जातीचा कृत्रिम तंतू बाजारात आणला, तसेच तंतू इतरांनीही काढले. या तंतूला कारखान्यात उष्णता देऊन वळण लावलं की ते कायमचं बसतं. घरी बादलीत बुचकळा, झटका, वाळत घाला, वळण जागच्या जागी.

त्यात साठच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेनं कम्युनिस्ट चीनच्या केसांवर बंदी घातली. केसांच्या बाजारात खळबळ उडाली. भारतातल्या, म्हणजे मुख्यतः तिरुमलासारख्या देवस्थानांतल्या केसांना मागणी आली आणि कृत्रिम विगलाही रान मोकळं झालं. दक्षिण कोरियात विग शिवण्याचे कारखाने निघाले. 1970च्या सुमारास त्या देशाच्या निर्यातीत विगचा वाटा दहाव्या हिश्श्याच्या आसपास पोचला होता, यावरून कल्पना करा.

म्हणजे माल स्वस्त झाला, भरपूर झाला. अडत होतं ते मनात. विग कोण घालतं? जिचे केस गेलेत ती, किंवा नाटकातली. बाईनं दुकानात जाऊन उघडपणे विग मागायचा तर तिला कुणाचं तरी उदाहरण हवं होतं. तिथे ईव्हा उभी राहिली. सहा वर्षं दर आठवड्याला घराघरांत दिसलेलं ते सोनेरी डोकं, आणि त्यामागची बाई बेधडक सांगतेय की विग हा चपला-पर्ससारखा शृंगाराचा भाग आहे, एक सोडून चार ठेवा. ‘ईव्हा गॅबोर इंटरनॅशनल’ ही तिची विग कंपनी वाढत गेली, इतकी की जगातली सगळ्यांत मोठी विग कंपनी म्हणून तिचा उल्लेख होऊ लागला. 1972 मध्ये लुइस एस्तेवेज या क्यूबात जन्मलेल्या डिझायनरबरोबर तिनं कपड्यांचीही मालिका काढली. सौंदर्यप्रसाधनंही विकली. पण टिकले ते विग.

‘मग हेही चेहरा देणंच नाही का?’ असं तुम्ही म्हणाल. तंतू तिनं शोधला नाही, टोपही तिनं विणले नाहीत, हे खरंच. पण चेहरा देणारी नटी जाहिरात संपली की बाजूला होते. ईव्हा वर्षानुवर्षं त्या मालाच्या मागे उभी राहिली, तेही अशा वस्तूच्या, जिच्याशी नाव जोडलं जाणं कुठल्याही नटीला नकोसं वाटावं. कारण लोक पहिला प्रश्न विचारणार, ‘म्हणजे तुमचे स्वतःचे केस खरे नाहीत?’ दाताच्या कवळीला आपलं नाव द्यायला किती नट्या तयार होतील? माझ्या लेखी उद्योजक ठरायला एवढं पुरे.

धंद्यातली म्हणून एक व्यावहारिक गोष्ट मध्येच सांगते, कारण कृत्रिम विगची स्तुती वाचून कुणीतरी मागवायला जाईल. हा तंतू उष्णतेनं वळतो तसाच उष्णतेनं बिघडतो. गरम ओव्हन उघडताना डोकं पुढे केलं की कपाळावरच्या बटा कुरळून खरखरीत होतात, अशी ताकीद परदेशी विगच्या पाकिटावरही असते. आपल्याकडे तर रोज पोळ्या भाजायच्या, फोडणी द्यायची. माझ्याकडच्या बायकांना मी सांगते, गॅसजवळ जाताना सुती स्कार्फ बांधा, विग स्टँडवर राहू दे. आणि हेअर ड्रायर तर लांबच ठेवा.

खासगी आयुष्याबद्दल थोडक्यात. पाच लग्नं, पाचही मोडली, मूल नाही. वर्तमानपत्रांनी गॅबोर बहिणींच्या नवऱ्यांची बेरीज करण्यात जेवढी शाई घालवली तेवढी त्यांच्या कामावर घालवली नाही. त्यातही झा झा आणि ईव्हा यांची गल्लत नेहमीची. पोलिसाच्या कानाखाली वाजवून 1989 मध्ये कोर्टात गेली ती झा झा, ईव्हा नव्हे. शेवटच्या काळात टीव्ही निर्माता मर्व्ह ग्रिफिनबरोबर ती सगळीकडे दिसायची.

1995च्या उन्हाळ्यात मेक्सिकोत सुट्टीवर असताना ती पडली, आजारी झाली, आणि 4 जुलैला लॉस एंजेलिसमध्ये न्यूमोनिया आणि श्वसनाच्या त्रासानं गेली. वय 76. दोन वर्षांनी, 1997 मध्ये, आई जोली आणि थोरली माग्दा दोघी गेल्या. झा झा 2016 पर्यंत होती. विगचा ब्रँड पुढे हेअरयूवेअर या अमेरिकी कंपनीकडे गेला आणि ‘गॅबोर’ नावानं चालू राहिला.

तिचं काम पाहायचं असेल तर ‘जिजी’पासून सुरुवात करू नका, ‘ग्रीन एकर्स’चे पहिल्या वर्षाचे भाग बघा. घरात लहान मुलं असतील तर डिस्नेचा 1970चा ‘द अ‍ॅरिस्टोकॅट्स’ लावा. त्यातली डचेस ही पांढरी मांजर ईव्हाच्या आवाजात बोलते, 1977च्या ‘द रेस्क्यूअर्स’मधली उंदरीण बियांकाही तिचीच. फक्त डचेसची गाणी ऐकून ‘वा, गातेही छान’ असं म्हणू नका. ती रोबी लेस्टर या गायिकेनं म्हटली आहेत.