वाचकांचे प्रश्न : छर्रे वितळवू की बदलून घेऊ?

प्रश्न : सर नमस्कार. मी मूळचा सांगलीचा, सध्या ओहायोत असतो, एच-वन-बी व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत. शेजारी एक रिटायर्ड आजोबा राहतात, एकटेच, आमच्या मुलीवर त्यांचा फार जीव. ते गॅरेजमध्ये शिसं वितळवून स्वतःच्या रिव्हॉल्व्हरसाठी बुलेट ओततात, इकडे हा छंद बऱ्याच जणांना असतो. आता त्यांचे हात थरथरतात म्हणून मला म्हणाले ये मदतीला, शिकवतो, आणि बदकांच्या शिकारीच्या काळातल्या शिशाच्या छर्र्यांच्या २५ पाउंडाच्या ४ पिशव्या मला देऊन टाकल्या, त्या आमच्या गॅरेजमध्ये आहेत. आजोबा म्हणतात वितळवू, त्यांचा मित्र म्हणतो वितळवू नका, मला द्या आणि बदल्यात शिशाच्या लगडी घ्या. बायकोचं म्हणणं, मुलगी दोन वर्षांची आहे, हे घरात नकोच. काय करावं?

उत्तर : आधी व्हिसाचं बोलू, कारण ते तुम्ही विचारलेलं नाही आणि सगळ्यात मोठं तेच आहे.

नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेत बंदूक बाळगता येत नाही हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण फेडरल कायद्याच्या त्याच कलमात ॲम्युनिशनही, म्हणजे दारूगोळाही, आहे हे माहीत नसतं, आणि ॲम्युनिशन म्हणजे नुसतं भरलेलं काडतूस नव्हे, सुटी बुलेट, काडतुसाची पितळेची रिकामी नळी, प्रायमर म्हणजे ठिणगी देणारी टोपी, बंदुकीची दारू हे सगळं वेगवेगळं असलं तरी त्यात मोजतात. एच-वन-बी नॉन-इमिग्रंटच. एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर त्यातून सूट आहे, ते तुमच्याकडे नसणार असं धरून चालतो. आता गंमत बघा, बारीक छर्रे मात्र नियमात या व्याख्येतून वगळलेत. म्हणजे तुमच्या गॅरेजमधल्या पिशव्या आज फक्त धातू आहेत, तेच शिसं साच्यातून बुलेट होऊन बाहेर पडलं आणि तुमच्या हातात किंवा घरात सापडलं की प्रकरण वेगळं होतं, ग्रीन कार्डची इतकी वर्षांची रांग त्यावर अडकू शकते. त्यामुळे ओतायला अजिबात जाऊ नका, शिकण्यापुरतंसुद्धा नाही, आणि शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. आजोबांना हे मोकळेपणाने सांगा, इतका जीव लावणारा माणूस समजून घेईल.

आणि एक, प्रेमाने त्यांनी आठवण म्हणून एखादी बुलेट दिली तर घेऊ नका, भारतात येताना बॅगेत तर मुळीच नको. आपल्या विमानतळांवर बॅगेत विसरलेलं एक काडतूस सापडलं तरी गुन्हा दाखल होतो.

आता अदलाबदल. मित्राचं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धंच. छर्रे बनवायला मेहनत असते, म्हणून साध्या शिशापेक्षा ते महाग विकले जातात. १७८२ साली ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने याचं पेटंट घेतलं, वितळलेलं शिसं उंचावरून चाळणीतून सोडायचं, पडता पडता थेंब गोल होतो आणि खाली पाण्यात पडून थिजतो, बाल्टिमोरला त्यासाठी १८२८ साली बांधलेला २३४ फुटी मनोरा अजून उभा आहे. थेंब नीट गोल व्हावा म्हणून शिशात किंचित आर्सेनिक घालतात, म्हणजे आपला सोमल, आणि कडकपणासाठी अँटिमनी हा धातू. एवढं करून गोल केलेली वस्तू परत वितळवून टाकायची म्हणजे रवाळ गूळ विकत आणून काकवी करण्यासारखं आहे. ज्याला शॉटगनची काडतुसं घरी भरायची आहेत त्याला छर्रा गोलच हवा असतो, बुलेट ओतणाऱ्याला त्या गोलपणाचा काही उपयोग नाही.

पण पिशवीवरचा नंबर बघितलात का? सगळं त्यावर आहे. नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक. साडेसात, आठ, नऊ असेल तर मातीच्या तबकड्यांवर नेम धरणारे लोक आनंदाने घेतील, तेव्हा वजनाला वजन देऊ नका, मित्राने लगडी थोड्या जास्त द्यायला हव्यात. तुमच्या पिशव्या मात्र बदकांच्या वेळच्या, म्हणजे चार-सहा नंबरचे किंवा त्याहून जाडे असण्याचीच शक्यता जास्त, आणि तबकड्यांच्या नेमबाजीच्या बहुतेक मैदानांवर साडेसातपेक्षा जाडा छर्रा चालवू देत नाहीत. मग गिऱ्हाईक उरतं ते रानकोंबडी, टर्कीवाल्या शिकाऱ्यांचं, तेही जिथे शिशाला परवानगी आहे तिथलं. मित्राला जाडे छर्रेच हवे असतील तर वजनाला वजन ठीक आहे. कोणीच घेतलं नाही तरच वितळवणं, आणि तेही आजोबांनी किंवा त्या मित्राने, तुम्ही नाही. छर्र्यांवर ग्राफाइटचा काळा लेप असतो, शिवाय प्रत्येक दाण्याला स्वतःचं ऑक्साइडचं सालपट, म्हणून वितळवताना मळी फार निघते, आजोबांना हे माहीत असेलच.

लगडी घेताना एक विचारा, शिसं कुठलं. जुन्या टायरच्या बॅलन्सिंगच्या वजनांचं असेल तर त्यात जस्ताची वजनं मिसळलेली असू शकतात आणि जस्त आलं की साचा नीट भरत नाही. लगड काँक्रीटवर टाकून ऐका, मऊ शिसं थप्प करून बसतं, अँटिमनीवालं जरा वाजतं, जस्त असलं की खणखणतं. कोणाकडे जुन्या लायनोटाइपचं, म्हणजे छापखान्यातल्या ओळी ओतणाऱ्या यंत्राचं, शिसं असेल तर आजोबांचे डोळे चमकतील, त्यात साधारण १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असतं, साध्या शिशात थोडं मिसळलं तरी पुरतं. आणि घेतलेल्या लगडी थेट त्यांच्याच गॅरेजमध्ये जाऊ देत.

राहिलं तुमच्या मिसेसचं म्हणणं, आणि मी पूर्णपणे त्यांच्या बाजूने आहे. माझे वडील छापखान्यात होते, खिळ्यांचं, म्हणजे छपाईच्या अक्षरांचं, शिसं त्यांच्या रोजच्या हाताखालचं. संध्याकाळी घरी आले की पहिले मोरीत जाऊन हात घासायचे, चुलीतली राख घेऊन, नखांच्या कडेला तरी राखाडी रेघ उरायचीच, आणि त्यानंतरच धाकट्या बहिणीला उचलायचे, त्याआधी ती कितीही रडली तरी नाही. त्यांना कोणी मायक्रोग्रॅम सांगितलेले नव्हते, शिसं बाळाला चांगलं नाही एवढं ठाऊक होतं. प्रेसमध्ये शिशावर उतारा म्हणून गूळ वाटायचे, त्याने शिसं उतरत नाही, हात धुण्याने पोटात जायचं वाचतं.

लोक धुराला घाबरतात. शिसं साधारण ३२७ डिग्री सेल्सिअसला वितळतं आणि उकळतं १७०० च्याही वर, त्यामुळे ओतण्याच्या तापमानाला वाफ फारशी नसते. धोका असतो धुळीचा, म्हणजे वरची राखाडी मळी, छर्रे एकमेकांवर घासून पडलेली काळी भुकटी, ती बोटांना, बुटांना, पँटच्या घडीला लागून घरात येते आणि दोन वर्षांचं मूल जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं. अमेरिकेत १९९१ पासून बदकांच्या शिकारीला शिशाचे छर्रे बंद झाले तेही असंच, पाणथळीत पडलेले दाणे बदकं खडे समजून गिळत आणि विषबाधेने मरत. आजोबांच्या पिशव्या बहुधा त्यामुळेच एवढी वर्षं पडून राहिल्या.

म्हणून पिशव्या आजच हलवा. एखादी फाटली की दाणे कुठे कुठे घरंगळतील सांगता येणार नाही. त्या जागी झाडू मारू नका, कोरडा झाडू धूळ उडवतो, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या, ते बूट घरात आणू नका, ते कपडे मुलीच्या कपड्यांबरोबर धुवू नका. आणि मुलीची रक्ततपासणी करून घ्या, बालरोगतज्ज्ञांना गॅरेजमध्ये शिसं होतं एवढं सांगा, ते लगेच लिहून देतात. तिकडे सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२१ पासून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर ही पातळी धरली आहे, त्याच्या वर आलं तर डॉक्टर पुढचं बघतील. चुकून दाणा गिळला असं वाटलं तर वाट बघत बसू नका.

एक माझ्या मनाला लागून राहिलंय, आजोबांचे थरथरते हात. वडिलांच्या प्रेसमध्ये एकदा ओले खिळे तसेच भट्टीत टाकले गेले, पाणी शिशाखाली गेलं की त्याची एकदम वाफ होते आणि सगळं भांडं वर उडतं. वडिलांच्या मनगटापासून कोपरापर्यंत पांढरे ठिपके शेवटपर्यंत होते, तांदूळ सांडल्यासारखे. थरथरत्या हातात पळी नको. तो मित्र मदतीला येईल का ते विचारा, किंवा बाजारात तयार ओतलेल्या बुलेट मिळतात, त्या आजोबांनी विकत आणाव्यात. हे त्यांना तुमच्याकडून ऐकायला बरं वाटेल.

प्रश्न : आमच्या आजोबांची शेतीसंरक्षणाच्या लायसन्सची ठासणीची बंदूक आहे, आता वडिलांच्या नावावर. आजोबा घरीच शिशाच्या गोळ्या ओतायचे, साचा अजून माळ्यावर आहे. वानर आणि डुकरांनी बागेचं वाटोळं केलंय. जुन्या बॅटरीचं शिसं वापरून आम्ही ओतल्या तर चालेल का? (कुडाळ)

उत्तर : नको. बागेचं नुकसान मला कळतं, डोळ्यांदेखत वर्षाचं पीक जातं तेव्हा माणूस काहीही करायला तयार होतो, पण बंदूक बाळगण्याचं लायसन्स म्हणजे गोळ्या बनवण्याचं लायसन्स नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ॲम्युनिशनच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्रीही येते, कलम ५ प्रमाणे बनवायला वेगळा परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा किमान ७ वर्षं ते जन्मठेप अशी आहे. आजोबा करायचे हे कारण कोर्टात चालत नाही. काय आणि किती घेता येतं ते वडिलांच्या लायसन्सवर लिहिलेलं असतं, तेवढंच परवानाधारक दुकानातून घ्या.

बॅटरी तर फोडूच नका. आतलं ॲसिड आहेच, शिवाय प्लेटांवरची पेस्ट म्हणजे शिशाची भुकटीच, आणि त्या प्लेटांच्या मिश्रणातून वितळवताना आर्सिनसारखा वायू निघू शकतो, तो प्राणघातक आहे. जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदाराला परत द्या, पैसे वळते होतात.

साच्याचं म्हणाल तर आजोबांची वस्तू टाकवणार नाही हे समजतं. वडिलांच्या लायसन्सची प्रत जोडून जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवाना शाखेत अर्ज द्या, घरात असा जुना साचा आहे, ठेवावा की जमा करावा, आणि पोच घेऊन ती लायसन्सच्या पुस्तकातच ठेवा.