ल्युपस आणि मूत्रपिंड : नवी गोळी सुरू करताना

प्रश्न : ल्युपसमुळे (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते तो आजार) मूत्रपिंडाला सूज आल्याने बेळगावच्या डॉक्टरांनी सुनेला मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी दिली आहे. तिला जुलाब होतात. जळजळीसाठी ती दुकानातले गुलाबी पातळ औषध घेते. गोळी थांबवावी का? — एक सासू, खानापूर

उत्तर : ताई, गोळी परस्पर थांबवू नका. जुलाब या औषधाने होऊ शकतात आणि डॉक्टर मात्रा विभागून ते बहुधा आटोक्यात आणतात. मात्र त्या गुलाबी औषधातील मॅग्नेशियम-ॲल्युमिनियममुळे गोळी कमी शोषली जाते, म्हणून दोन्ही एकत्र घेऊ नयेत. मूत्रपिंडाच्या सुजेमुळे लघवीतून जाणारी प्रथिने कमी व्हायला काही महिने लागतात. तोवर रक्ततपासणी चुकवू नये. ताप आल्यास त्याच दिवशी दाखवावे. घरात संकोचाने टाळली जाणारी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते : हे औषध गर्भाला घातक असल्याने मूल हवे असल्यास गर्भधारणेच्या किमान ६ आठवडे आधी डॉक्टरांकडून ते बदलून घ्यावे लागते आणि ते ६ आठवडे संपेपर्यंत खात्रीचे गर्भनिरोधक वापरावे लागते.