झाकली मूठ आणि न दिलेला पेपर

प्रश्न : सर, मी गेल्या वर्षी पदवी पूर्ण केली. शाळेपासून माझा क्रमांक कधी पहिल्या तिनांच्या खाली गेला नाही. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या प्रवेश परीक्षेत मात्र पहिल्या प्रयत्नात अगदी थोडक्या गुणांनी प्रवेश हुकला. त्यानंतर दोनदा अर्ज भरला, पण परीक्षेला बसले नाही. दुसऱ्या वेळी तर केंद्राच्या फाटकापर्यंत जाऊन मागे फिरले, तीन तास एका वाचनालयात अभ्यास करत बसले आणि घरी येऊन सांगितले की पेपर बरा गेला. निकाल पुढच्या महिन्यात लागेल. सगळे म्हणतात, अपयशाला मिठी मारायला शीक, पण मला तो शब्द ऐकला तरी पोटात गोळा येतो. मी हा मार्ग सोडून एखादा सोपा अभ्यासक्रम निवडावा का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर :

प्रिय विद्यार्थिनी,

तुझ्या पत्रातले एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. फाटकावरून मागे फिरल्यावर तू घरी गेली नाहीस आणि कुठे भटकलीही नाहीस. ज्या परीक्षेला बसण्याचे तू टाळलेस, तिचाच अभ्यास तू त्या तीन तासांत करत होतीस. म्हणजे तुला कष्टांची भीती नाही आणि विषयाचा कंटाळाही नाही. भीती आहे ती मोजले जाण्याची. हा फरक मी आधीच सांगतो आहे, कारण ‘मी आळशी आहे’ किंवा ‘माझी कुवतच नाही’ अशी जी दूषणे तू स्वतःला मनातल्या मनात देत असशील, त्यांना तुझ्याच पत्रात आधार सापडत नाही.

फाटकावरून मागे वळताना तुला काय वाटले, ते तू लिहिलेले नाहीस. माझा अंदाज आहे की अपराधी वाटण्याआधी तुला हायसे वाटले असेल. छातीतली धडधड थांबली असेल, श्वास मोकळा झाला असेल. खरी मेख याच क्षणात आहे. ज्या कृतीने त्रास ताबडतोब थांबतो ती कृती मन पक्की लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी तीच सुचवते; मागे फिरल्याने सुटका झाली, हे ते शिकते आणि पेपर दिला असता तर काय झाले असते, हे शिकण्याची संधी त्याला मिळतच नाही. त्यामुळे तुझी आजची भीती पहिल्या प्रयत्नातल्या अपयशाने जेवढी वाढली, त्याहून जास्त नंतरच्या दोन सुटकांनी वाढवली आहे, असे माझे मत आहे. पहिल्या वेळी तू निदान आत गेली होतीस.

आपल्याकडे ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणतात. पेपर दिला नाही तोवर ‘दिला असता तर मिळाले असते’ हे वाक्य शाबूत राहते, आणि हुशार म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसाला ते वाक्य फार मोलाचे वाटते. मानसशास्त्रात या वागण्याचा बराच अभ्यास झाला आहे. 1978 साली स्टीव्हन बर्गलास आणि एडवर्ड जोन्स यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना त्यांनी सुटण्यासारखी कोडी दिली आणि काहींना अशी कोडी दिली ज्यांना उत्तरच नव्हते. नंतर दोन्ही गटांना सांगितले की तुम्ही उत्तम कामगिरी केलीत. पुढच्या चाचणीआधी दोन औषधांपैकी एक निवडायचे होते : एक बुद्धीला मदत करणारे, दुसरे तिला मंद करणारे. (प्रत्यक्षात औषध कोणालाच द्यायचे नव्हते.) ज्यांना आपले पहिले यश नेमके कशामुळे मिळाले हे उमगलेच नव्हते, त्यांच्यापैकी, विशेषतः पुरुष विद्यार्थ्यांमध्ये, मंद करणारे औषध निवडण्याकडे कल अधिक दिसला. पुढे गुण कमी पडले तर दोष औषधाला देता यावा, ही त्यामागची सोय.

या प्रयोगातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ती औषधाची निवड नव्हे. ज्या यशाचे कारण माणसाला माहीत नसते, ते यशच त्याला घाबरवते, ही आहे. तुझा क्रमांक वर्षानुवर्षे पहिल्या तिनांत राहिला, पण तो का राहिला, हे तू कधी तपासले आहेस का? पाठांतर चांगले म्हणून, विषय लवकर समजतो म्हणून, की शाळेतल्या परीक्षेचा साचा तुझ्या सवयींना जुळत होता म्हणून? उत्तर माहीत नसेल तर यश हा एक लाभलेला मान वाटतो, आणि मान कोणत्याही क्षणी काढून घेतला जाऊ शकतो. उत्तर माहीत असेल तर यश हे एक कौशल्य ठरते, आणि कौशल्य कुठे कमी पडले ते शोधता येते. आयुष्यात वारंवार पहिले आलेली मुले एखाद्या अपयशाने इतकी का हादरतात, याचे कारण पुष्कळदा इथे असते. पडण्याचा सराव नाही, हे तर आहेच, पण आपण उभे कशावर आहोत, हेही त्यांना ठाऊक नसते.

आता मिठीबद्दल. अपयशाला मिठी मारा, हा सल्ला मी देत नाही, आणि तो देणाऱ्यांनी स्वतः कितीदा मिठी मारली, हे विचारण्याचा मोह मला होतो. अपयश दुखते. माझ्या एका अर्जाला नकार आल्याचे पाकीट मी चार दिवस टेबलावर न उघडता ठेवले होते, हे आज मार्गदर्शक म्हणून मिरवताना मी विसरत नाही. शिवाय ‘अपयश शिकवते’ हे विधान अर्धेच खरे आहे. लॉरेन एस्क्रिस-विंकलर आणि आयलेट फिशबाख यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना दोनच पर्याय असलेले प्रश्न विचारले. दोनपैकी एकच बरोबर, त्यामुळे ‘तुझे उत्तर चुकले’ एवढे कळले तरी बरोबर उत्तर आपोआप कळते. ‘बरोबर’ आणि ‘चूक’ या दोन्ही शेऱ्यांत माहिती सारखीच. तरीही ज्यांना ‘चूक’ असे सांगितले गेले, ते पुढच्या चाचणीत कमी शिकलेले आढळले. स्वतःबद्दलचे बरे मत दुखावले गेले की लक्षच दुसरीकडे वळते. पण दुसऱ्या कोणाच्या चुका समोर ठेवल्या तेव्हा त्याच प्रकारच्या माहितीतून लोक नीट शिकले.

म्हणून माझी पहिली सूचना अशी आहे. तुझ्या पहिल्या प्रयत्नाची गुणपत्रिका काढ. ती तू निकालाच्या दिवसानंतर पाहिलेली नसावीस, असा माझा दाट संशय आहे. ती तुझी नसून एखाद्या मैत्रिणीची आहे आणि तिने ती तुझ्याकडे सल्ल्यासाठी पाठवली आहे, असे समजून एक पानभर टिपण लिही : कोणत्या विभागात गुण गेले, ते विषय न आल्याने गेले, येत असून घाईत गेले, की वेळ न पुरल्याने गेले? मैत्रिणीला तू ‘तू संपलीस’ असे लिहिणार नाहीस. ‘तिसऱ्या विभागात शेवटचे प्रश्न कोरे राहिले आहेत, वेळेचे बघ’ असे लिहिशील. हे लिहिताना वाईट वाटेल, रडूही येईल. येऊ दे, लिहिणे मात्र थांबवू नकोस.

दुसरी गोष्ट वाचनालयाची. पुन्हा पुन्हा वाचत राहिल्याने तयारी झाल्यासारखे वाटते, आणि हा भास शास्त्रज्ञांनी मोजलेला आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या 2006 सालच्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्या गटाने तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. गंमत म्हणजे, वारंवार वाचणाऱ्यांना आपल्याला जास्त आठवेल, असा विश्वासही जास्त होता. तुझ्या बाबतीत याचा अर्थ असा, की ‘तयारी पूर्ण झाली की परीक्षेला बसेन’ हा तुझा बेत मुळातच उलटा आहे. परीक्षेला बसणे हाच तयारीचा मोठा भाग आहे. येत्या आठवड्यापासून घड्याळ लावून सराव पेपर सोडव. पहिला पेपर एकटीने घरी, नंतरचा वाचनालयात, त्यानंतरचा चार अनोळखी मुलांबरोबर एखाद्या सराव केंद्रात, आणि त्याचे गुण इतरांना दिसतील अशा ठिकाणी. प्रत्येक पायरी थोडी नकोशी वाटली पाहिजे, पण असह्य वाटता कामा नये. असह्य वाटली तर मधे आणखी एक पायरी घाल. एकच नियम मात्र कडक पाळायचा : वेळ संपण्याआधी उठायचे नाही. पेपर वाईट जात असला तरी बसायचे. किंबहुना जो पेपर वाईट जातो आहे त्यातच शेवटपर्यंत बसण्याने तुझा सर्वांत जास्त फायदा होईल, कारण भीती कळस गाठून पुढे हळूहळू उतरते, हे तुझ्या शरीराला तेव्हाच कळेल. दोनदा मागे फिरल्यामुळे तिचा उतार तू पाहिलेलाच नाहीस.

सोप्या अभ्यासक्रमाबद्दल तू विचारले आहेस. 1960 च्या सुमारास जॉन अ‍ॅटकिन्सन आणि त्यांचे सहकारी विद्यार्थ्यांना खुंटीत कड्या फेकायला देत आणि किती अंतरावर उभे राहायचे, हे ज्याचे त्याला ठरवू देत. यशाची ओढ जास्त आणि परीक्षेची धास्ती कमी असलेल्यांचा कल मध्यम अंतराकडे असे, जिथून कडी कधी बसते, कधी बसत नाही. अ‍ॅटकिन्सन यांच्या मांडणीप्रमाणे ज्यांच्यावर अपयश टाळण्याचाच पगडा असतो, त्यांना दोन टोके बरी वाटतात : अगदी जवळून फेकले तर चुकण्याची भीती नाही आणि फार लांबून फेकले तर चुकल्याची लाज नाही. तुझा सोपा अभ्यासक्रम हा जवळचा खुंट आहे का, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. तुलाही ते आज कळणार नाही, कारण घाबरलेल्या अवस्थेत कोणताही दुसरा रस्ता बरा दिसतो. त्यामुळे निर्णय आज घेऊ नकोस. पुढची परीक्षा पूर्ण वेळ बसून दे आणि मग ठरव. तेव्हाही प्रवेश मिळाला नाही आणि तुला वेगळ्या विषयाकडे जावेसे वाटले, तर तो निर्णय मी आनंदाने मान्य करीन. एकच दार आयुष्यभर ठोठावत राहण्यात काही शौर्य नसते. मात्र आणखी किती प्रयत्न करायचे, ती संख्या आत्ताच, शांतपणे, कागदावर लिहून ठेव. सोबत दुसऱ्या एखाद्या अभ्यासक्रमाचा किंवा कामाचा अर्जही भर. काही जण याला मनाचा कच्चेपणा म्हणतील. मला ते पटत नाही. सगळे एकाच पेपरवर टांगलेले असेल तर त्या पेपरचे ओझे कोणालाही पेलणार नाही.

थोडक्यात हुकणे हे फार हुकण्यापेक्षा जास्त का सलते, हे तू अनुभवले आहेसच. यांग वांग, बेंजामिन जोन्स आणि दाशुन वांग यांनी 2019 मध्ये अमेरिकेतल्या अशा तरुण संशोधकांचा अभ्यास मांडला, ज्यांचे संशोधन-अनुदान काठावर मिळाले किंवा काठावर हुकले होते. हुकलेल्यांपैकी जे टिकून राहिले, त्यांचे पुढचे काम काठावर यशस्वी झालेल्यांपेक्षा सरस ठरले. पण हुकलेल्यांमध्ये त्या व्यवस्थेतून कायमचे बाहेर पडण्याचे प्रमाणही अधिक होते. या अभ्यासाचा पहिला अर्धा भागच तेवढा भाषणांतून सांगितला जातो. तुला दोन्ही भाग माहीत असावेत, असे मला वाटते.

आता सर्वांत अवघड काम. निकाल लागण्याआधी घरी खरे सांग. निकालाच्या दिवशी तुझे नाव यादीत नसेल आणि तेव्हा एकतर तू नापास झाल्याचे खोटे दुःख सर्वांना करावे लागेल, नाहीतर सगळे एकदम उघडे पडेल. दोन्ही गोष्टी आज सांगण्यापेक्षा महाग आहेत. आई किंवा बाबा, ज्यांच्याशी तुझे अधिक जमते, त्यांना एकटे गाठ. लांबण लावू नकोस. ‘मी त्या दिवशी पेपर दिला नाही. फाटकापासून परत आले. मला भीती वाटली आणि तुम्हाला सांगायचीही भीती वाटली,’ एवढे पुरे. ते चिडतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. आपला अंदाज मात्र याहून भयंकर असतो. डॅनिएल गिल्बर्ट, टिमथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली दाखवले की कायम नोकरी नाकारली गेली तर किती दुःख होईल, याचा प्राध्यापकांनी केलेला अंदाज, ती प्रत्यक्षात नाकारली गेलेल्यांच्या स्थितीपेक्षा कितीतरी अधिक काळा होता. तुझ्या पालकांना हे पत्र दाखवायचे असेल तर जरूर दाखव. त्यांना माझी एवढीच विनंती आहे की त्या दिवशी ‘का बसली नाहीस’ हा प्रश्न एकदाच विचारावा, आणि पुढच्या सराव पेपरनंतर ‘किती मिळाले’ याआधी ‘शेवटपर्यंत बसलीस का’ असे विचारावे.

एक गोष्ट माझ्या अखत्यारीबाहेरची आहे, तरी सांगतो. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, परीक्षेच्या नुसत्या विचाराने श्वास कोंडत असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर सराव पेपरची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांना किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांना भेट. जगणे नकोसे वाटत असेल तर आजच्या आज घरातल्या एका माणसाला तसे सांग. टाळण्याच्या सवयीवर या तज्ज्ञांकडे चांगले उपचार आहेत, आणि मी वर सांगितलेल्या पायऱ्या ते तुझ्या बरोबरीने चढवून घेऊ शकतात.

घरी बोलणे झाले की मला पुन्हा लिही. त्या पत्रासोबत पहिल्या प्रयत्नातले विभागवार गुण, मैत्रीण म्हणून लिहिलेले ते टिपण आणि पहिल्या दोन सराव पेपरांत किती प्रश्न कोरे राहिले, तो आकडा पाठव. वेळेचे नियोजन आपण त्यावरून ठरवू.

तुझा,
करिअर मार्गदर्शक