“सुहास” या नावाला अ‍ॅपॉस्ट्रॉफी लावल्यावर पुढे आणखी एक एस लिहायचा का?

तुमच्या भावाचं नाव सुहास, राजारामपुरीत त्याचं किचन सुरू होतंय आणि इंग्रजी पाटीवर “सुहास’ किचन” लिहावं की “सुहास’स किचन”, यावर घरात वाद चाललाय, असं तुम्ही विचारलंय. मी कोल्हापुरातच डीटीपीचं काम करते. पाट्या, लेटरहेड, लग्नपत्रिका रोज हाताखालून जातात, म्हणून सविस्तर लिहिते. (इंग्रजी अक्षरं इथे देवनागरीतच लिहिली आहेत. चिन्ह म्हणजे अ‍ॅपॉस्ट्रॉफी, शब्दाला वरच्या बाजूला लागणारा मालकी दाखवणारा स्वल्पविराम. चिन्हानंतरचा स म्हणजे एस.)

“सुहास’स किचन” करा. कारण साधं आहे. मोठ्याने म्हणून बघा, तोंडातून “सुहासेस” असंच येतं, मग लिहितानाही तो एस असावा. जुन्या इंग्रजीत मालकी दाखवायला पुष्कळ नामांना ई-एस असा प्रत्यय लागायचा. पुढे त्यातला ई गळाला आणि त्याच्या जागी हे चिन्ह आलं. एसने संपणाऱ्या नावांत तो गळालेला स्वर अजून ऐकू येतो.

घरातलं जे कुणी “सुहास’” म्हणतंय तेही चुकत नाही, हे मात्र त्यांना आवर्जून सांगा. अमेरिकेत पुस्तकवाले बहुतेक शिकागो मॅन्युअल हे लेखनाच्या नियमांचं पुस्तक पाळतात, त्यात एस लावतात. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या नियमात विशेषनाम एसने संपत असेल तर नुसतं चिन्ह. 2024 च्या निवडणुकीत कमला हॅरिस उभ्या राहिल्या तेव्हा असोसिएटेड प्रेस “हॅरिस’” लिहीत होतं आणि न्यूयॉर्क टाइम्स “हॅरिस’स”. त्याआधी 2006 मध्ये कॅन्सस राज्याच्या एका खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती थॉमस यांनी बहुमताच्या निकालात “कॅन्सस’” लिहिलं आणि विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती सूटर यांनी “कॅन्सस’स”. तेव्हा दोन्हींतलं काहीही घ्या, पण पाटी, मेनूकार्ड आणि बिलबुक तिन्हींवर एकच असू दे. पाटीवर एक आणि बिलावर दुसरं, हे गिऱ्हाइकाला लगेच दिसतं.

खरी चूक एकवचनात होत नाही, अनेकवचनात होते, आणि त्याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. लेडीज टेलरची पाटी घ्या. पुष्कळ ठिकाणी चिन्ह ई आणि एसच्या मधे असतं. आता चिन्हाच्या डावीकडे काय उरलं ते वाचा: एल, ए, डी, आय, ई. असा शब्दच इंग्रजीत नाही. चिन्हाच्या डावीकडे नेहमी अख्खा शब्द उभा राहिला पाहिजे. म्हणून आधी लेडीज पूर्ण लिहायचं, एससकट, आणि मग शेवटी चिन्ह.

आपल्याला हे ओळखायला एक हुकमी साधन आहे, ते म्हणजे अनुस्वार. “कर्मचाऱ्याची पतसंस्था” आणि “कर्मचाऱ्यांची पतसंस्था” यांत फरक एका टिंबाचा, पण पहिली संस्था एकाच माणसाची होते. इंग्रजीत तेच काम चिन्हाची जागा करते. एम्प्लॉयी’ज लिहिलं की एक कर्मचारी, एम्प्लॉयीज’ लिहिलं की सगळे. आपल्याकडे पतसंस्था गल्लोगल्ली आहेत, आणि मराठी नावात अनुस्वार अचूक देणारे लोक खालच्याच इंग्रजी ओळीत चिन्ह एसच्या आधी टाकतात. मॅटर आलं की मी आधी मराठी ओळ बघते. टिंब असेल तर अनेकवचन, मग चिन्ह एसनंतर. फक्त चिल्ड्रन, विमेन, मेन यांचं अनेकवचन एसने संपत नाही, म्हणून तिथे चिन्ह देऊन पुढे एस.

बॉस, क्लास असे शब्द आले की कान फसतो. बॉसचं केबिन, अनेक बॉस, अनेक बॉसचं केबिन, तिन्ही इंग्रजीत “बॉसेस” असेच ऐकू येतात. एकाचं केबिन असेल तर “बॉस’स”. अशा सामान्यनामात असोसिएटेड प्रेसही एस लावायलाच सांगतं.

चिन्ह नकोच, असाही पर्याय आहे. आपला व्हीनस कॉर्नर बघा, तिथे मालकी सांगायचीच नाही, नुसतं नाव आहे. तसं “सुहास किचन” चालेल. लंडनमध्ये पिकॅडिली लाइनवर लागोपाठची दोन स्टेशनं आहेत, अर्ल’स कोर्टला चिन्ह आहे, बॅरन्स कोर्टला नाही. नावाच्या बाबतीत ठेवणाऱ्याची मर्जी चालते. दारावरच्या “द पाटील्स”लाही चिन्ह लागत नाही, कारण ते नुसतं अनेकवचन आहे.

आणि अर्जाच्या शेवटी “युवर्स फेथफुली” लिहिताना युवर्समध्ये चिन्ह कधीच देऊ नका. युवर्स, हर्स, अवर्स, देअर्स, इट्स (त्याचं या अर्थी) हे सगळे एसने संपतात, पण मालकी त्यांच्या पोटातच आहे. नोकरीच्या अर्जात ही चूक वाचणाऱ्याच्या डोळ्यांत खुपते.

पाटी करायला द्याल तेव्हा प्रूफ मोठं करून चिन्हाचा आकार बघा. ते नऊच्या आकड्यासारखं वळलेलं हवं, सहासारखं नको. जुन्या मराठी फॉन्टमध्ये तीच की दाबली की चिन्हाऐवजी भलतंच अक्षर उमटतं, म्हणून इंग्रजी ओळ इंग्रजी फॉन्टमध्येच टाइप करायला सांगा. रेडियमचं कटिंग करणार असाल तर चिन्ह थोडं जाड ठेवा, बारीक तुकडा उन्हापावसात आधी सुटतो.