‘नेसत्या वस्त्रांनिशी’ की ‘शून्यातून विश्व’?

प्रश्न असा आहे : मायामीतल्या क्यूबन लोकांवरच्या एका लेखात “क्यूबन निर्वासित नेसत्या वस्त्रांनिशी अमेरिकेत आले आणि मेहनतीच्या जोरावर त्यांनी शून्यातून विश्व उभं केलं” असं वाक्य आहे. इथे ‘निर्वासित’ बरोबर की ‘स्थलांतरित’? आणि दोन्ही वाक्प्रचार लागोपाठ आल्यामुळे द्विरुक्ती होते का?

आधी दुसरं. द्विरुक्ती अजिबात होत नाही, कारण दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. घर सोडताना हाताशी काय होतं, एवढंच ‘नेसत्या वस्त्रांनिशी’ सांगतो. ‘शून्यातून’ म्हटलं की मुळातच काही नव्हतं. पुरातून नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडलेल्या डॉक्टरची डॉक्टरकी काही वाहून जात नाही! ‘-निशी’चा अर्थच मुळी ‘सह’ (तयारीनिशी, पुराव्यानिशी). मग बरोबर आणखी काय काय आलं, ते बघायला नको?

रोबेर्तो गोइझुएता यांचं उदाहरण घ्या. १९६०मध्ये क्यूबा सोडला तेव्हा खिशात ४० डॉलर, आणि १९८१मध्ये कोका-कोलाचे प्रमुख. गोष्ट सांगणारे बहुधा इथेच थांबतात. पण येल विद्यापीठाची इंजिनिअरिंगची पदवी आधीच मिळालेली होती, क्यूबाच्या राजधानीत, हवानात, नोकरी कोका-कोलातच होती आणि कंपनीचे १०० शेअरही नावावर होते. माणूस कर्तबगार खराच, पण याला शून्य कसं म्हणायचं?

फिडेल कास्त्रोने क्यूबात सत्ता घेतली त्या १९५९च्या क्रांतीनंतर पहिल्या तीन-चार वर्षांत आलेल्यांत वकील, डॉक्टर, कारखानदार, मॅनेजर यांचा भरणा मोठा होता. त्यांतल्या कित्येकांनी सुरुवातीला हॉटेलात भांडी घासली, हेही तितकंच खरं. पण हवानातली पत कामी आली. मायामीतल्या बँकांत बसलेले क्यूबन अधिकारी तारण न मागता, माणूस ओळखीचा म्हणून धंद्याला कर्ज देत. आणि सरकार? १९६१पासून निर्वासितांसाठी खास योजना होती : दरमहा चेक, चीज आणि दूधपावडरीचं रेशन, इंग्रजीचे वर्ग, विद्यार्थ्यांना कर्ज. ही मदत मायामीतल्या ज्या फ्रीडम टॉवरमधून मिळे, त्याला लोक ‘एल रेफुहिओ’ म्हणत, म्हणजे आसरा. १९६६च्या कायद्याने कायम वास्तव्याचा परवानाही सोपा करून दिला. ‘मेहनतीच्या जोरावर’ या दोन शब्दांत हे सगळं गडप होतं.

आता ‘निर्वासित’. हे लोक स्वतःला ‘एक्सिलिआदो’ (देश सोडावा लागलेला) म्हणवतात, ‘इनमिग्रांते’ (स्थलांतरित) म्हटलेलं जुन्या पिढीला रुचत नाही. आम्ही पोटासाठी आलो नाही, परत जायचंच होतं, असा त्यामागचा भाव. म्हणून निदान या पिढीसाठी ‘निर्वासित’ चालेल. माझा कल मात्र ‘परागंदा’कडे आहे. फारसीत ‘परागंदा’ म्हणजे विखुरलेला, आणि मायदेशाबाहेर पसरलेल्या समाजाला म्हणतात त्या ‘डायस्पोरा’चा ग्रीक अर्थही विखुरणंच. अडचण एवढीच, की मराठीत परागंदा म्हटलं की कर्ज बुडवून पळालेला माणूस आठवतो.

कास्त्रो सरकारचा शब्द होता ‘गुसानो’, म्हणजे अळी, किडा. १९७९मध्ये हेच किडे नातेवाइकांना भेटायला भेटवस्तू घेऊन गेले तेव्हा बेटावरच्या लोकांनी कोटी केली, की ‘त्रायदोरेस’ (गद्दार) आता ‘त्राएदोलारेस’ झाले. ‘त्राए दोलारेस’ म्हणजे डॉलर आणतो.

नावावर किती अवलंबून असतं ते १९८०मध्ये दिसलं. क्यूबातल्या मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख लोक आले, बहुतेक कष्टकरी, आणि त्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण आधीपेक्षा जास्त. या वेळी अमेरिकी सरकारने ‘निर्वासित’ शब्द टाळला आणि ‘एन्ट्रंट’ असा नवाच वर्ग काढला, म्हणजे नुसता ‘आत आलेला’. ‘मारिएलितो’ (मारिएलहून आलेला) ही तर शिवीच झाली, आणि ती जुने क्यूबनही देत. मेहनती, यशस्वी ‘क्यूबन’ असं सरसकट म्हणताना हे लोक कुठे बसतात?

त्याच काळात, त्याच किनाऱ्यावर हैतीचे लोकही होड्यांतून येत होते. त्यांना मात्र बहुतेकदा ‘आर्थिक स्थलांतरित’ ठरवलं गेलं, आणि १९८१पासून त्यांच्या होड्या समुद्रातच अडवून परत पाठवल्या जाऊ लागल्या. ‘क्यूबन मेहनती, मग हैतीचे का नाहीत’ असं कुणी विचारलं, तर उत्तराचा निम्मा भाग ‘निर्वासित’ आणि ‘स्थलांतरित’ या दोन शब्दांतल्या फरकात सापडेल.

तेव्हा ते वाक्य मी असं लिहीन : “क्रांतीनंतर लगेच आलेले क्यूबन निर्वासित नेसत्या वस्त्रांनिशी आले, पण शिक्षण, ओळखीपाळखी आणि सरकारी मदत पाठीशी असल्याने त्यांतले बरेच जण लवकर सावरले.” ‘विश्व’ काढलंच आहे. ‘मेहनत’ हवी तर ठेवा.