आधी तिला विचारलंस का?

अगं,

तुझा रात्री पावणेबाराचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा राग आला. तुझा नाही, तुझ्या मेडिकलच्या प्रवेशासाठी मॉक इंटरव्ह्यू घेणाऱ्या त्या कोचचा, आणि थोडा तुझ्या आईचासुद्धा (तिला हे वाचायला दिलंस तरी चालेल, आमची मैत्री मिरजेपासूनची आहे, टिकेल).

तर प्रश्न असा होता की इथे ब्रिटनमध्ये चौदा वर्षांची मुलगी एकटीच जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, आलीय, गर्भनिरोधक गोळ्या मागतेय, आणि घरी कळू देऊ नका म्हणतेय, तर तू काय करशील. तू म्हणालीस मी आईला फोन करेन. त्या माणसाने मार्क कापले आणि सांगितलं की 'गिलिक' म्हणायचं, 'ऑटोनॉमी' (आपलं आपण ठरवायचा हक्क) म्हणायचं, 'कॉन्फिडेन्शियालिटी' (गुप्तता) म्हणायचं. घरी आल्यावर आई म्हणाली बरोबरच बोललीस, आईला नको कळायला? आणि आता तू मला विचारतेस की मावशी, मनातलं बोलू की त्यांना हवंय ते बोलू.

दोन्ही नको. साडेचार मिनिटांच्या त्या मेसेजमध्ये तू आहेस, कोच आहे, आई आहे, युनिव्हर्सिटी आहे, फक्त ती मुलगी कुठेच नाही. तिला काही विचारलंस का तू? मुलगा तिच्याच वर्गातला आहे की तीस वर्षांचा कुणी आहे? तिच्या मनाने चाललंय की कुणी भाग पाडतंय? आईला सांगायची भीती म्हणजे आई ओरडेल एवढीच, की घरात मार पडेल? कदाचित ती म्हणेल, तुम्ही सोबत असाल तर सांगते आईला. हे काहीच माहीत नसताना तू फोन उचललास आणि कोचने कायदा उचलला, तुमच्या दोघांत मला तरी फरक दिसत नाही.

आणि गिलिक गिलिक म्हणतात ते काय आहे ते एकदा नीट समजून घे. व्हिक्टोरिया गिलिक नावाची दहा मुलांची आई होती, तिचं म्हणणं तुझ्या आईचंच होतं, की माझ्या सोळाखालच्या मुलींना मला न विचारता डॉक्टरने गोळ्या देता कामा नयेत. खालच्या कोर्टात हरली, अपील कोर्टात जिंकली, आणि 1985 साली हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये (तेव्हाचं इथलं सगळ्यात वरचं कोर्ट) तीन विरुद्ध दोन अशी हरली. तीन विरुद्ध दोन! म्हणजे देशातले सगळ्यात मोठे न्यायाधीशसुद्धा एकमताने ठरवू शकले नाहीत, आणि तुझा कोच दोन सेकंदात 'बरोबर उत्तर' सांगतो. त्या निकालात लॉर्ड फ्रेझरनी ज्या अटी घातल्या त्या वाच. मुलीला सल्ला समजतोय का, आई-वडिलांना सांगायला तिचं मन वळवून पाहिलं का, गोळ्या दिल्या नाहीत तरी ती संबंध ठेवणारच आहे का, न दिल्याने तिच्या तब्येतीवर परिणाम होईल का, तिच्या हिताचं काय. यातली एक तरी गोष्ट तिच्याशी बोलल्याशिवाय कळणार आहे का? म्हणजे आईला कळावं ही तुझी इच्छा चुकीची नव्हतीच, कायदासुद्धा आधी तेच करून बघ म्हणतो, फक्त मुलीच्या पाठीमागून करू नको म्हणतो. ती तेरापेक्षा लहान असेल तर गोष्ट वेगळी, तिथे सेफगार्डिंग टीमला (मुलांच्या संरक्षणाचं काम बघणाऱ्यांना) कळवायचंच, पण ते कळवतोय हेही तिला सांगूनच. (भारतात पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, 2012 मध्ये आल्यापासून अठराखालच्या मुलीच्या शरीरसंबंधाबद्दल पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आजीशी या विषयावर वाद घालायला जाशील तेव्हा लक्षात ठेव, ती दुसऱ्या कायद्याच्या देशातून बोलतेय.)

मी यावर एवढी का चिडते ते सांगते.

1997 साली मी इंटर्न होते, एका सरकारी हॉस्पिटलात. सर्जरीच्या वॉर्डात एक आजोबा होते, उसाच्या पट्ट्यातल्या गावचे, सत्तरीचे. भाकरी उतरत नाही म्हणून आले होते, आधी भाकरी, मग दुधात कुस्करलेली भाकरी, मग नुसतं दूध. स्कोपी (दुर्बिणीची तपासणी) झाली, बायोप्सी आली, अन्ननलिकेचा कॅन्सर, पुढे गेलेला. थोरला मुलगा शाळामास्तर, त्याने हात जोडून सांगितलं, डॉक्टर, अण्णांना काही बोलू नका, हाय खातील. सर म्हणाले ठीक आहे. केसपेपरवर इंग्रजीत लिहिलं आणि आम्ही सगळे त्या कॉटपाशी आलो की हवापाण्याचं बोलायचो.

एका रात्री मी त्यांचं सलाईन बदलत होते. शीर सापडत नव्हती, मनगटावर टिचक्या मारत बसले होते, वॉर्डात लाईट गेलेली आणि सिस्टरने टॉर्च धरलेला. ते हळूच म्हणाले, "ताई, खरं सांगा, म्या काय भ्यायचा न्हाय. बैल इकायचा का ठेवायचा आन् वाटणीचा कागुद करायचा का न्हाय, तेवढं ठरवायचंय." मी म्हणाले, अल्सर आहे आजोबा, बरा होईल. सुई लागली, पट्टी मारली, पुढच्या कॉटवर गेले.

तीन आठवड्यांनी ते गेले. कागद झालाच नाही. चार महिन्यांनी धाकटा मुलगा मृत्यूच्या दाखल्याच्या कसल्या तरी दुरुस्तीसाठी आला होता, त्याने सांगितलं की सातबाऱ्यावरून दोघं भाऊ कोर्टात गेलेत, बहिणीचं माहेर तुटलं. तो मला दोष देत नव्हता, त्याला काय माहीत त्या रात्रीचं. मलाच माहीत आहे, आणि त्या सिस्टरला.

आता तू म्हणशील मावशी तू इंटर्न होतीस, सरांच्या शब्दाबाहेर कशी जाणार. हे मीही स्वतःला अठ्ठावीस वर्षं सांगतेय. साठ कॉट, खाली अंथरलेले पेशंट वेगळेच, सलग छत्तीस तासांची ड्युटी, आणि तेव्हा सगळीकडे तसंच चालायचं, नातेवाईक ठरवायचे. सगळं खरंय. पण 'मी सरांना विचारून सांगते' एवढं म्हणायला कुणी अडवलं होतं मला? 'वाटणीचं काम राहिलं असेल तर करून घ्या आजोबा' एवढं तरी? त्यांनी आपणहून विचारलं होतं. मला उलट विचारायचंसुद्धा नव्हतं, फक्त ऐकायचं होतं.

म्हणून मेडिकल एथिक्सच्या त्या चार खांबांचा मला कंटाळा येतो. ऑटोनॉमी, बेनिफिसन्स (भलं करणं), नॉन-मॅलेफिसन्स (अपाय न करणं), जस्टिस (न्याय). मी इथल्या एका मेडिकल स्कूलच्या पॅनेलवर तीन वर्षं बसलेय, सकाळी नऊपासून एकामागून एक पोरं आत येतात आणि खुर्चीत टेकायच्या आधी चार खांब उभे करतात, मांडव घालायला आल्यासारखे, आणि मांडवाखाली माणूसच नाही. खांब वाईट नाहीत. पाठ कर, विचार करायला उपयोगी पडतात. पण तोंडातून पहिलं वाक्य बाहेर पडेल ते पेशंटबद्दलचं असू दे. आपल्या भाषेत किती सोय आहे बघ, विचार करणं आणि विचारणं एकाच शब्दातून निघतं, तू फक्त पहिलंच करतेस.

एक केस मात्र खरंच वाच, माँटगोमेरी. स्कॉटलंडमधली बाई, डायबेटिक, चणीने लहान, बाळ मोठं. अशा बाईच्या नॉर्मल डिलिव्हरीत बाळाचा खांदा अडकण्याचा धोका नऊ-दहा टक्के. डॉक्टरणीने सांगितलं नाही, कारण तिच्या मते सांगितलं तर सगळ्याच अशा बायका सिझेरियन मागतील. खांदा अडकला, बाळाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहणं) झाली. बाळ 1999 चं, सुप्रीम कोर्टाचा निकाल 2015 चा, आणि तेव्हापासून इथे हिशोब असा की या पेशंटला काय महत्त्वाचं वाटेल ते सांगायचं, डॉक्टरला काय वाटतं ते नाही. आणि तिला काय महत्त्वाचं वाटतं हे कळणार कसं, सांग बरं? हं.

पण घाईने उलट्या टोकालाही जाऊ नकोस. विचारणं म्हणजे सगळं तोंडावर फेकणं नव्हे. मागच्या वर्षी माझ्या वॉर्डात आपल्याकडच्याच एक आजी होत्या, ऐंशीच्या पुढच्या. मी विचारलं, आजी, रिपोर्टबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? त्या म्हणाल्या, मला काही नको, लेकाला सांगा, त्याचं डोकं चांगलंय. संपलं. लेकाला सांगितलं. हीसुद्धा ऑटोनॉमीच. पण त्याच लेकाने माझ्याविरुद्ध तक्रार केली, की डॉक्टरने आईला असा प्रश्न विचारलाच कसा, तिला संशय आला ना. तक्रारीचं उत्तर लिहायला माझे दोन रविवार गेले. मॅनेजर म्हणाली पुढच्या वेळी जरा कल्चरली सेन्सिटिव्ह राहा. मला! मी म्हटलं बाई, या कल्चरमध्येच एक बैल आणि चार एकर बुडवून आलेय मी. अर्थात हे मनात म्हटलं. आणि पुढच्या आठवड्यात पुढच्या आजोबांना परत विचारलंच. हट्ट म्हण हवं तर. कदाचित त्या लेकाला आधी बाहेर घेऊन पाच मिनिटं बोलायला हवं होतं, त्यालाही कुणीतरी विचारायला हवं होतं. असो.

बाकीचे प्रश्न भराभर सांगते, सगळ्यात तेच आहे. फिट येणारा माणूस गाडी चालवणं सोडत नाही: कोच म्हणेल डीव्हीएलएला (इथलं लायसन्स देणारं सरकारी खातं) कळवा. कळवायचं आहेच, त्याने ऐकलंच नाही तर डॉक्टरने कळवायचं आणि तसं त्याला सांगायचं. पण आधी विचार का सोडत नाहीस म्हणून, डिलिव्हरी व्हॅन चालवत असेल, घरभाडं त्यावर असेल, मग कामावर दुसरं काही मिळतं का बघायला मदत करता येते आणि तो स्वतःच कळवतो. सकाळी सहकाऱ्याच्या तोंडाला दारूचा वास येतोय: विचार, पण इथे विचारणं म्हणजे कॅन्टीनमध्ये चहा नव्हे, आधी त्याला पेशंटपासून लांब कर आणि सीनियरला सांग, कारण धोका त्याला नाही, तिसऱ्याच कुणाला आहे. एक यकृत, दोन पेशंट, एक दारू पिणारा आणि एक तरुण आई: इथे देव बनू नकोस. 2018 पासून इथे यकृत देशपातळीवर स्कोर काढून दिलं जातं, एकट्या डॉक्टरच्या कळवळ्यावर नाही, आणि हे बोलायला लाजायचं नाही. तो 'दारू पिणारा' पिणं सोडून किती दिवस झाले तेही प्रश्नात दिलेलं नसतं, ते मला आधी हवंय असं म्हण.

बेशुद्ध पेशंटचं काय, असं तू विचारशील, तुझा स्वभाव माहीत आहे मला. मग त्याच्या माणसांना विचारायचं, पण 'तुम्हाला काय हवंय' नाही, 'त्यांना काय हवं असतं' हे. या दोन प्रश्नांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि वीस वर्षं डॉक्टरकी केलेल्या लोकांनाही तो कळत नाही.

एक स्टेशन, म्हणजे एका खोलीतला प्रश्न, बिघडलं म्हणून रडत बसू नकोस. एमएमआयमध्ये (खोलीखोलीतून होणाऱ्या छोट्या इंटरव्ह्यूंमध्ये) प्रत्येक खोलीत वेगळा माणूस बसतो तो त्याचसाठी, मागच्या खोलीत काय झालं हे पुढच्याला माहीत नसतं. घंटा वाजली की मागचं दार मागे. आणि 'मला माहीत नाही, मी सीनियरला विचारेन' म्हटलं तर मार्क जातील असं ज्याने सांगितलं त्याचे पैसे परत माग. फक्त त्यावर थांबू नकोस, सीनियरला नेमकं काय विचारशील तेही सांग.

शनिवारी साडेसातनंतर फोन कर, व्हिडिओ कॉल. तू डॉक्टर हो, मी चौदा वर्षांची मुलगी होऊन बसते, आणि सांगून ठेवते, मी सहजासहजी तोंड उघडणार नाहीये. आईला शेजारच्या खोलीत पाठव.

तुझी,
मावशी