मुलाला ठरवता येत नाही, मग आम्हीच ठरवायचं का?

दहावीचा निकाल लागला की माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. नाशिकच्या सिडकोतल्या एका आईनेही तोच विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वडील अंबड एमआयडीसीत सुपरवायझर, मुलगा सोळाचा. सोमवारी त्याला सायन्स हवं असायचं, गुरुवारी डिप्लोमा, आणि कॉलेज रोडला मित्रांमध्ये बसून आला की हॉटेल मॅनेजमेंट.

मी त्याला विचारलं, "पाणी हवंय का रे?" उत्तर आईने दिलं, "नको, आत्ताच पिऊन आलाय." पुढचा अर्धा तास असंच चाललं. केस कुठे कापायचे, क्लास कुठला, डब्याला काय, सगळं घरानेच ठरवत आणलेलं. ज्याने साधी चप्पलही स्वतः निवडली नव्हती, त्याने आठवड्याभरात पुढच्या शिक्षणाचं ठरवावं अशी अपेक्षा होती.

मुलगा समजूतदार होता. या वयाची मुलं शांतपणे, वेळ घेऊन विचार करतात तेव्हा मोठ्यांच्या जवळपास पोचतात. गडबड होते ती रागात, घाईत आणि मित्रांच्या घोळक्यात, कारण आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते. म्हणून आईला आधी एवढंच सांगितलं की पाहुण्यांसमोर आणि भांडणाच्या भरात हा विषय काढायचा नाही.

मुलाला काम दिलं. पॉलिटेक्निकला एकट्याने जा, तिथल्या मुलांशी बोल आणि वहीत लिहून आण: दिवसभर प्रत्यक्षात काय करावं लागतं, आणि नाही जमलं तर पुढे काय करता येतं? दुसऱ्या प्रश्नावर माझा फार भर असतो, कारण घाबरलेल्या घराला प्रत्येक निर्णय कायमचा वाटतो. तीन वर्षांच्या डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, बारावी सायन्सनंतर बीए किंवा बीकॉमला जाता येतं, पण आर्ट्समधून बारावी केली तर इंजिनिअरिंगची वाट अवघड होते. हे सगळं त्याने स्वतः विचारून आणलं.

वडिलांना सांगितलं, पंधरवड्याचे बसचे, रिचार्जचे आणि खाण्यापिण्याचे पैसे एकदम त्याच्या हातात द्या. चार दिवसांत पैसे टर्फवरच्या क्रिकेटमध्ये संपले. वडिलांचा फोन आला, "पुन्हा देऊ का?" मी नको म्हटलं. उरलेले दिवस पोरगा एमएससीआयटीच्या क्लासला सायकलने गेला. पुढच्या पंधरवड्यात त्याने बसचे पैसे आधीच बाजूला काढले. वडिलांना पोराविषयी विश्वास वाटायला लागला तो इथून.

सगळंच मुलांवर सोडा असं मात्र मी कधीच सांगत नाही. लायसन्स नसताना बाईक मागितली तर नाही म्हणजे नाही, तिथे मतं विचारत बसू नये.

शेवटी डिप्लोमा ठरला. फॉर्म भरताना वडिलांना कॉम्प्युटर हवं होतं. मुलाने इलेक्ट्रिकल पहिलं टाकलं आणि वही उघडून कारणं दाखवली. वडिलांच्याच कारखान्यातल्या मेंटेनन्सवाल्या काकांशी तो तासभर बोलून आला होता. वडिलांनी एकच अट घातली: पहिल्या वर्षाचा निकाल लागला की तिघांनी बसून पुन्हा बघायचं. त्याने ती मान्य केली.